सतरा नंबरची दोन मतं

(ग्वाल्हेर, ठाटीपूर. दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, दुपारची वेळ. विधानसभेचा निकाल लागून चार दिवस झाले आहेत.)

सीमंतिनी : चहा घ्या काका, गार होतोय. आणि निकालाचं मला सांगू नका. बाराशे सहा मतं पडली, मला माहिती आहे. पूर्ण शहराला माहिती आहे.

कृष्णराव : मी बाराशे सहांचं बोलायला नाही आलो, बेटा. आपल्या गल्लीतल्या, दाना ओलीतल्या दोन मतांचं बोलायला आलोय. आपल्या बूथवर तुला दोन पडली.

सीमंतिनी : तेही माहिती आहे. ज्या गल्लीत जन्मले तिथं दोन. सौरव म्हणाला, एक आईचं आणि एक कोणाचं तरी चुकून दबलं असेल. आम्ही हसलो. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कृष्णराव : चुकून नाही दबलं.

सीमंतिनी : बाबांनी पाठवलंय तुम्हाला?

कृष्णराव : नाही. बळवंताला माहीतही नाही मी इथं आलोय ते. त्याला वाटतंय मी तुझ्या आईच्या तेराव्याच्या पत्रावळी आणायला दौलतगंजला गेलोय. पण मी आता सांगतो ते पूर्ण ऐकून घे, मध्ये उठू नकोस. मी तुला लहानपणी कडेवर घेऊन रामलीला दाखवलीय, इतका हक्क आहे माझा.

सीमंतिनी : बसलेय ना मी.

कृष्णराव : तुझा बाप तीस वर्षं त्या बूथवर पक्षाचा एजंट बसतो. वीज मंडळात नोकरीत होता तेव्हा दुसऱ्याच्या नावावर बसायचा, रिटायर झाल्यावर स्वतःच्या. कुठल्या घरातून किती मतं कुठं जाणार, हे त्याला मतदानाच्या आधी पाठ असतं. आणि या वेळी यादीत सतरा नंबरवर तुझं नाव आलं. अपक्ष, निशाणी सिलाई मशीन. पक्षाच्या ऑफिसात पोरं त्याच्यासमोर गप्प बसायची आणि तो गेला की हसायची. हा रोज तिथं जाऊन बसला. कोणी विचारलं की म्हणायचा, मला मुलगी नाही.

सीमंतिनी : नऊ वर्षांपासून हेच म्हणतायत. नवीन काय आहे त्याच्यात? मी सौरवशी जातीबाहेर लग्न केलं आणि ते निपुत्रिक झाले. प्रचाराला आले होते ना मी गल्लीत, नळाच्या गढूळ पाण्याची बाटली हातात घेऊन. ते ओट्यावर बसलेले, गळ्यात पक्षाचा गमछा. मी सगळ्यांना देतेय तसं त्यांनाही पत्रक दिलं. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे.

कृष्णराव : तुझी पाठ फिरली तेव्हा मी शेजारी होतो. त्यानं ते पत्रक चार घड्या करून आतल्या खिशात ठेवलं. मला वाटलं, घरी नेऊन फाडेल.

सीमंतिनी : आणि?

कृष्णराव : मला पुढं जाऊ दे. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला त्यानं आपलं मत टाकलं आणि यादी, पेन्सिल घेऊन टेबलाशी बसला. दहाच्या सुमाराला वहिनी आल्या. अधिकाऱ्यानं नाव पुकारलं, वनमाला पती बळवंतराव. त्यानंच पेन्सिलीनं खूण केली. त्याच्यापासून दोन हातांवरून त्या गेल्या, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आड गेल्या. आणि बराच वेळ बाहेरच येईनात. पक्षाची निशाणी तर वरून दुसरी, रोजच्या बघण्यातली. हा मला नंतर म्हणाला, तेव्हा मला हसू आलं, वाटलं चष्मा घरी विसरली. मग मशीन वाजलं आणि त्या पदर सावरत निघून गेल्या.

सीमंतिनी : सतरा नंबर दुसऱ्या मशीनवर होता. पहिल्यावर सोळाच नावं मावतात. मी आईला कागदावर चित्र काढून समजावलं होतं, हेमांगीकाकूंच्या व्हॉट्सॲपवर पाठवून.

कृष्णराव : तू समजावलं होतंस. मग तेच. संध्याकाळी हा घरी आला. वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, तुम्ही कोणाला दिलं? चाळीस वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं. हा म्हणाला, ही काय विचारायची गोष्ट आहे? त्या म्हणाल्या, बरं. आणि आत गेल्या. बस्स, इतकंच बोलणं झालं. आज बारा दिवस झाले वहिनींना जाऊन, आणि निकाल लागल्यापासून तो रोज मला ते ‘बरं’ म्हणून दाखवतो. कधी हळू म्हणतो, कधी लांबवून. मला विचारतो, असं म्हणाली असेल की तसं? मी काय सांगू? मी तिथं नव्हतो.

सीमंतिनी : थांबा काका. सगळं त्या बरंवर का अडलंय त्यांचं?

कृष्णराव : सांगतो. मतदानानंतर नवव्या दिवशी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हे तुला माहिती आहे.

सीमंतिनी : मी दारात उभी होते आणि बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. बायकांनी हात धरून मला आत नेलं. आईच्या डाव्या बोटावर शाई होती, नखावर अगदी काळी. मी तिचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच, ही शाई अजून ताजी आहे आणि हात गार.

कृष्णराव : बघ. मलाही तेच झालं, पण मोजणीच्या दिवशी. बळवंत सुतकात, म्हणून पक्षानं त्याच्या जागी मला टेबलावर बसवलं. जाळीच्या पलीकडे कर्मचारी एकेक मशीन उचलतात, सील दाखवतात, बटण दाबतात. आपल्या बूथचं मशीन वर आलं. वाटलं, लक्ष्मीगंजला नेऊन ज्यांना अग्नी दिला त्या याच्यात आहेत अजून. सोळा दिवस कुलपात बसल्यात. मग आकडे येत गेले. आमच्या पक्षाला तीनशे अठ्ठ्याऐंशी. आणि शेवटी, सतरा नंबर, दोन. मी लिहिलं.

सीमंतिनी : मग तुम्ही जिंकलात. इंदरगंजच्या चौकात ढोल वाजत होते, आमच्या घरापर्यंत आवाज आला नाही पण व्हिडिओ आले.

कृष्णराव : मी ढोलांतून वाट काढून सरळ त्याच्याकडे गेलो. म्हटलं, सांगतो त्याला, सीट निघाली, दुःखात तेवढंच. हा घोंगडीवर बसलेला. मी चपला काढतोय तोवर त्यानं विचारलं, सतराला किती? सीट आली का ते नाही विचारलं, ना किती हजारांनी. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, एक असेल, नीट बघ. मी कागद दाखवला. त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाला, एक माझं आहे.

सीमंतिनी : काय म्हणाले?

कृष्णराव : एक माझं आहे.

सीमंतिनी : नाही. काका, असं नका करू. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही...

कृष्णराव : वहिनींच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी खोटं बोलायला दोन टेंपो बदलून येईन का? सकाळी सातला, सगळ्यात पहिलं मत, तुला. पुठ्ठ्याच्या आड. आणि बाहेर येऊन पक्षाचा एजंट म्हणून टेबलाशी बसला.

सीमंतिनी : मतलब, दोघांनी.

कृष्णराव : दोघांनी. त्याला वाटत होतं आपण एकटेच, आणि वहिनी दर वेळेसारखं त्यानं सांगितलं तिथं देणार. त्यांना वाटत होतं त्या एकट्याच. नऊ दिवस एका घरात समोरासमोर बसून जेवले आणि कोणी कोणाला बोललं नाही. मशीननं सांगितलं ते वहिनी गेल्यावर.

सीमंतिनी : पाणी घेते मी जरा.

कृष्णराव : घे, घे. पण अजून आहे, आणि त्याच्यासाठीच मी आलोय. त्या संध्याकाळी तो तसाच उठला. सुतक, दाढी वाढलेली, अंगावर नुसतं उपरणं, डिसेंबरची थंडी. गल्लीत घरोघर गेला. दारात उभा राहून एकच विचारायचा, सतराला तुम्ही दिलं का? लोक घाबरले. पक्ष निवडून आलाय, पक्षाचा माणूस दारात, म्हणजे हा फितूर शोधायला निघालाय. कोपऱ्यातल्या सदाशिवरावांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की नाही दिलं. समोरची शिखा, ती नवी सून, म्हणाली, चाचाजी, हमारे घर के पाँचों वोट आपको ही गए हैं. हा तिच्यापुढं हात जोडून उभा. म्हणे, एकदा हो म्हण ना, बेटी. दिलं असशील तर हो म्हण. ती बिचारी रडायला लागली.

सीमंतिनी : त्यांना ते मत दुसऱ्या कोणाचं असायला हवं होतं.

कृष्णराव : कोणाचंही चाललं असतं. दुसऱ्याचं निघालं असतं तर वहिनींनी पक्षाला दिलं, म्हणजे त्या संध्याकाळच्या प्रश्नात काही नव्हतं. सहज विचारलं आणि सहज बरं म्हणाल्या. मग त्याला झोपता आलं असतं. बेचाळीस घरं फिरला, बेचाळीस नाही घेऊन परत आला.

सीमंतिनी : तुम्हालाही विचारलं असेल.

कृष्णराव : सगळ्यात शेवटी. माझ्याच ओट्यावर.

सीमंतिनी : हो म्हणायचं होतं ना काका. एका शब्दाची तर गोष्ट होती.

कृष्णराव : तोंडापर्यंत आलं होतं. पण नाही निघालं. कारण ते खरं असायला पाहिजे होतं. तू समोरून पत्रक दिलंस, काका सांभाळून घ्या म्हणालीस, मी हो म्हटलं, आणि आत जाऊन दोन नंबरचं बटण दाबलं. सवयीनं. गल्लीतलं पाणी मीही तेच पितो. आता ते खोटं मी बळवंतासमोर कुठल्या तोंडानं खपवू?

सीमंतिनी : जाऊ द्या. तुम्ही निदान सांगितलंत.

कृष्णराव : तर ऐक, मी कशाला आलो ते. वहिनी जायच्या दोन दिवस आधी त्याला म्हणाल्या होत्या, निकाल लागू दे, मग तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. त्यानं तेव्हा लक्ष दिलं नाही, हुंकार दिला. आता तो तेच धरून बसलाय. म्हणतो, तिला माझं कळलं असेल. खिशातलं पत्रक तिनं धुताना बघितलं असेल, म्हणून म्हणत असेल. तुझं वहिनींशी फोनवर बोलणं व्हायचं, आमच्या हेमांगीच्या फोनवरून, दर गुरुवारी. मतदानाच्या संध्याकाळीही त्या वाटी परत करायला आल्या होत्या आणि बराच वेळ बोलत होत्या, असं हेमांगी सांगते. त्यांना माहिती होतं का, बेटा? बळवंताचं?

सीमंतिनी : तुम्हाला काय ऐकायचंय?

कृष्णराव : जे असेल ते.

सीमंतिनी : आई म्हणाली, सीमा, आपल्या बूथवर तुला एकच पडेल, ते माझं. वाईट वाटून घेऊ नको. आज मी यांना विचारलं. मला वाटलं होतं, सकाळी लवकर उठून आंघोळ करून गेले, खिशाला सारखा हात लावत होते, काय माहीत. म्हणून विचारलं. तर म्हणाले, ही काय विचारायची गोष्ट आहे.

कृष्णराव : अरे देवा.

सीमंतिनी : आणि म्हणाली, निकाल लागला की मी त्यांना सांगणार आहे, ते एक मत माझं आहे म्हणून. काय रागवायचं ते रागवू देत. सत्तर वर्षांची झाले, आता कोणाला भ्यायचं. तीच गोष्ट होती ती. बाबांचं तिला काही कळलेलं नव्हतं. आशा होती आणि त्या संध्याकाळी तीही गेली.

कृष्णराव : पत्रकाचं काही बोलल्या नाहीत?

सीमंतिनी : नाही काका.

कृष्णराव : मग आता हे त्याला...

सीमंतिनी : त्यांचा राग येतोय मला. इतका राग नऊ वर्षांत नाही आला. एक फोन नाही, आईच्या मयताला एक नजर नाही, आणि मत दिलं. जिथं कोणी बघणार नाही तिथं जाऊन मुलगी मानली. मुझे क्या पता चलता? आईला कसं कळणार होतं? तिनं तोंडानं विचारलं होतं त्यांना.

कृष्णराव : हे सगळं तो स्वतःला म्हणतोय. तुझ्याहून वाईट शब्दांत.

सीमंतिनी : जेवतात?

कृष्णराव : समोर ठेवलं तर दोन घास. पण ताटं दोन मांडतो.

सीमंतिनी : उद्या किती वाजता आहे?

कृष्णराव : गुरुजी अकराला येणार. तू येशील?

सीमंतिनी : सौरवला घेऊन येईन. आठलाच येते, स्वैपाकाला हात लागेल.

कृष्णराव : तो विचारेल तुला. दारातच विचारेल, धीर नाही त्याला. बेटा, मी सांगत नाही की असंच कर, पण एक शब्द इकडचा तिकडं केलास, आईला माहिती होतं एवढंच म्हणालीस, तर तो माणूस राहिलेले दिवस काढेल.

सीमंतिनी : नाही काका. त्या घरात एकमेकांना सांभाळून बोलून बोलून हे झालंय. मी खरं सांगीन.

कृष्णराव : सहन नाही होणार त्याला.

सीमंतिनी : मला तरी कुठं होतंय. पण सहन नाही होणार, तर दोघांना एकाच घरात बसून नाही होऊ दे.