नव्या नळ्या, जुनी मिनिटे

मी, बोगुमिवा झेप्का, वय ५७ वर्षे, विधवा, धंदा नोकरी, राहणार ओल्शान्का, स्टेशन रस्ता, घर क्रमांक १४, आज दिनांक ३० जानेवारी, गुरुवार, सकाळी ९.४० वाजता कोणी बोलावले नसताना ओल्शान्का पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, दिनांक २७ रोजी मी याच ठाण्यात दिलेला जबाब खरा नव्हता. खरे काय घडले ते पुढीलप्रमाणे.

बाजार चौकात औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या सोलारियममध्ये मी सहा वर्षांपासून काउंटरवर काम करते. तेथे तीन खोल्या असून प्रत्येक खोलीत काचेचा एक पलंग आहे. पलंगाच्या खाली व वर दिव्याच्या नळ्या आहेत. गिऱ्हाईक आत झोपते व अंगावर रंग चढवून घेते. किती मिनिटे दिवे चालायचे ते काउंटरवरून मी लावते. गिऱ्हाइकाच्या हाताशी फक्त बंद करण्याचे बटण असते.

सोलारियमचा मालक राडोस्वाव झेप्का हा माझ्या मयत पतीचा पुतण्या आहे. त्यास घरात राडेक म्हणतात. बटणांचा कारखाना बंद पडल्यावर त्याने मला हे काम दिले. माझ्या छपरावरचा बर्फ तोच काढतो व कोळसाही तोच आणून टाकतो. त्याबद्दल त्याने कधी काही बोलून दाखवलेले नाही.

दिनांक २२ जानेवारी, बुधवारी बियाविस्तोकहून कारागीर आला व त्याने तिन्ही पलंगांच्या नळ्या बदलल्या. जुन्या नळ्या थकल्या होत्या. त्यामुळे गिऱ्हाइके बारा-बारा, पंधरा-पंधरा मिनिटे झोपत व तरी रंग येत नाही म्हणून कुरकुरत. कारागिराने जाताना एक छापील कागद काउंटरसमोर चिकटवला व मला वाचून दाखवला. नव्या नळ्यांवर सुरुवातीला मिनिटे निम्म्याहून कमी करावीत. पहिल्यांदा येणाऱ्यास चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये व पुढचे दोन दिवस पुन्हा घेऊ नये. ज्याची कातडी उन्हात लाल होते पण रंग धरत नाही, ज्याला अंगभर तीळ आहेत, जो अठरा वर्षांखालील आहे, त्याला घेऊच नये. कोणती औषधे चालू आहेत ते विचारावे. डोळ्यांवर किरण अडवणारा चष्मा असल्याशिवाय दिवे लावू नयेत. एवढे मला आठवते. यातले बरेचसे मला आधीच माहीत होते, कारण कामाला लागले तेव्हा एक दिवसाचे प्रशिक्षण मी घेतले होते.

कारागीर गेल्यावर राडेकने तो कागद काढला. तो म्हणाला, "काकू, शनिवारी शाळेचा समारंभ. अख्खा आठवडा पोरी येणार. चार मिनिटं असं वाचलं की आल्या पावली जिना उतरतील." मी म्हणाले, "अरे, पण नळ्या नव्या आहेत." तो म्हणाला, "आजवर कोणी भाजलंय का आपल्याकडे?" मी पुढे काही बोलले नाही. मिनिटांचा जुना तक्ता भिंतीवर तसाच राहिला.

शालान्त परीक्षेला शंभर दिवस उरले की शाळेत जो नाचाचा समारंभ होतो व पोलोनेझ या जोडीनाचाने सुरू होतो तो शनिवारी, दिनांक २५ रोजी होता. दिनांक २३, गुरुवारी दुपारी ४.३५ वाजता कोर्नेलिया सादोव्स्का, वय १८, ही एकटी आली. तिला मी लहानपणापासून ओळखते. तिची आई इवोना डेअरीत कामाला आहे व आमच्याच रस्त्यावर राहते. कोर्नेलियाचे केस तांबडे आहेत व अंगावर, दंडांवर, गळ्यावर सगळीकडे ठिपके आहेत. जूनमध्ये नदीवर गेली तरी ती खेकड्यासारखी लाल होऊन येते, हे रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते.

ती म्हणाली, "मावशी, माझी पाठ बघा. नुसतं दही. ड्रेस मागून उघडा आहे आणि मी पोलोनेझला पहिल्या जोडीत आहे. सगळ्यांच्या पुढे माझीच पाठ."

मी विचारले, "आईला माहीत आहे का?"

ती म्हणाली, "आईला विचारलं असतं तर आले असते का? तिच्या मते लिपस्टिकनंसुद्धा माणूस मरतो."

आम्ही दोघी हसलो. नंतर तिने पिशवीतून गोळी काढली व पाणी मागितले. मी पाणी दिले. कसली गोळी म्हणून विचारल्यावर चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी डॉक्टरांनी दिली आहे, असे ती म्हणाली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. त्यात कातडीचा प्रकार व चालू औषधे यांचे रकाने असतात. त्या दिवशी जिन्यावर आणखी चौघी थांबल्या होत्या. मी फॉर्म भरून घेतला नाही.

चष्मा मी तिच्या हातात दिला. "डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं राहतील, घुबड दिसेन मी," असे ती म्हणाली. मी म्हणाले, "मग डोळे गच्च मीट." नुसत्या पापण्यांनी हे किरण अडत नाहीत हे मला शिकवलेले होते.

४.४८ वाजता तिला खोली क्रमांक २ मध्ये पाठवून मी बारा मिनिटे लावली. बाराच का, असे अंमलदारांनी विचारले. तक्त्यावर बारा होती व माझा हात बारावर जात असे.

पाच वाजता दिवे बंद झाले. ती बाहेर आली तेव्हा फक्त गुलाबी दिसत होती. समुद्रावर जाऊन आल्यासारखे वाटते, मध्येच डोळा लागला होता, असे ती म्हणाली. ती त्या दिवशी एकदाच झोपली. खोली क्रमांक ३ मध्ये ती गेलेली नाही. तेथे दुसरे गिऱ्हाईक होते.

पुढचे मला इवोना सादोव्स्का यांच्याकडून समजले ते असे. त्या दिवशी सातच्या सुमारास मुलीला थंडी वाजू लागली. पाठीवर कपडा सोसेना. शुक्रवारी सकाळी डोळे उघडेनात, वाळू घातल्यासारखे टोचू लागले. इस्पितळात नेले तोवर पाठीवर, खांद्यांवर व मांड्यांच्या मागे फोड आले होते. डोळे आठवड्याभरात बरे होतील, असे डॉक्टरांनी सांगितले. कातडीवर डाग राहतील. जन्मभर दर वर्षी तीळ तपासून घ्यावे लागतील. त्या गोळ्या चालू असताना साधे ऊनसुद्धा बाधते, असेही ते म्हणाले. डॉक्टरांनी आईला विचारले की, तिथे कोणी औषधांची चौकशी केली नाही का. शनिवारी पोलोनेझला पहिल्या जोडीत दुसरी मुलगी उभी राहिली. त्याच दिवशी इवोना सादोव्स्का यांनी या ठाण्यात तक्रार दिली.

रविवारी दिनांक २६ रोजी चर्चहून आल्यावर राडेक माझ्या घरी आला. बायकोने केलेला खसखशीचा केक त्याने आणला होता. तो बराच वेळ केकबद्दलच बोलला. मग म्हणाला, "काकू, उद्या तुला बोलावतील. एवढंच सांग की बारा मिनिटं संपल्यावर ती तुझी नजर चुकवून तीन नंबरात शिरली आणि तिथं दुसऱ्यासाठी लावलेल्या मिनिटांवर पुन्हा झोपली. आणि चष्मा तू तिला घातलास, तिनं काढून फेकला."

मी म्हणाले, "पोरगी खोटी ठरेल रे."

तो म्हणाला, "पोरगी चार दिवसांत बरी होईल. दुकान बरं होत नसतं."

मी हो म्हणाले. असे सांगितले तर माझ्याकडेही काही दोष येत नव्हता. हे त्याने मला पटवून द्यावे लागले नाही. सोमवारी मी तसाच जबाब दिला व सही केली.

मंगळवारी दिनांक २८ रोजी दुपारी तीनच्या सुमारास इवोना सादोव्स्का माझ्या घरी आल्या. त्या भांडायला आल्या आहेत असे मला वाटले. त्या दारातच उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "बोगुशाताई, माफ करा. तुमचा जबाब काल पोलिसांनी सांगितला. माझ्याच कार्टीनं माझ्यापासून चोरून केलं आणि वर खोटं बोलली. तुम्हाला या वयात पोलिसात जायला लावलं मी. तक्रार मागं घेते उद्या."

मी त्यांना आत या म्हणाले. त्या आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ती अजून कबूल करत नाही. एकदाच झोपले म्हणते. कालपासून मी तिच्याशी बोलत नाही. तुम्ही येऊन समोर सांगा, म्हणजे तिला कबूल करावं लागेल."

मी कोट घालून त्यांच्याबरोबर गेले. त्यांचे घर माझ्या घरापासून सहा दारे पुढे आहे.

कोर्नेलिया पुढच्या खोलीत सोफ्यावर पालथी झोपली होती. पडदे ओढलेले होते. डोळ्यांवर कापडाची ओली घडी होती व पाठीवर औषधाची जाळी होती. इवोना म्हणाल्या, "बघ कोण आलंय. आता सांग." व त्या चहा आणायला आत गेल्या.

कोर्नेलिया म्हणाली, "मावशी, तुम्ही आहात का? एक विचारू? मी दोनदा झोपले होते का?"

मी सोफ्याजवळ जाऊन उभी राहिले.

ती म्हणाली, "मला एकदाच आठवतंय. पण डोळा लागला होता ना मध्ये. नंतर ताप होता, गोळ्या होत्या, सगळं एकात एक मिसळलंय. उठून दुसऱ्या खोलीत गेले असेन का? आई म्हणते तुम्ही पोलिसांना सांगितलंत. तुम्ही उगाच कशाला सांगाल? म्हणजे गेलेच असेन."

मी म्हणाले, "नाही बाळा. एकदाच. बारा मिनिटं मी लावली, ती जास्त होती. तू काहीच केलं नाहीस."

इवोना दारात चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते. पेले त्यांनी खिडकीत ठेवले, मुलीच्या डोक्याशी जमिनीवर बसल्या व तिच्या केसांत हात घातला. मला कोणी जा म्हणाले नाही. मी बाहेर आले.

बुधवारी दिनांक २९ रोजी सकाळी आठ वाजता मी सोलारियम उघडून तिन्ही पलंगांचा वीजपुरवठा बंद केला व नोंदवहीतून नव्या नळ्यांवर झोपलेल्या नऊ जणांना फोन केले. दोघी किरकोळ भाजल्या होत्या व कोणाला बोलल्या नव्हत्या. शाळेचे खेळशिक्षक म्हणाले, "बाई, तीन रात्री पोटावर झोपतोय. पण कुणाला सांगू? पंचेचाळीस वर्षांचा बाप्या समारंभासाठी रंग लावायला गेला म्हटलं तर पोरं मला मैदानावर उभं राहू देतील का?" त्यांना व त्या दोघींना मी डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. त्यांची नावे व फोन नंबर वेगळ्या कागदावर अंमलदारांकडे दिले आहेत.

त्याच सकाळी साडेनऊला राडेक आला. आज, गुरुवारी, मी कुठे जाणार ते मी त्याला सांगितले. तो खुर्चीवर बसला. तो म्हणाला, "काकू, मी तुझं काय वाईट केलं?" मी म्हणाले, "काही नाही." हे खरे आहे व तसेच लिहावे. तो म्हणाला, "मग?" मी म्हणाले, "त्या पोरीला आता स्वतःचं खरं वाटेना झालंय रे." त्याने मान खाली घातली. मी काउंटरवर किल्ली ठेवली तेव्हा त्याने ती उचललीही नाही व परतही दिली नाही.

खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे अंमलदारांनी मला समजावून सांगितले आहे. माझा सोमवारचा जबाब नष्ट करू नये, तो या जबाबासोबतच ठेवावा. म्हणजे पुढे कोणी विचारले तर मुलीने आधीपासून एकच सांगितले होते व बदलले ते मी, हे कागदावरच दिसेल.

अंमलदारांनी वरील मजकूर मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'मालकाच्या दबावाखाली मी खोटे सांगितले' असे लिहिले होते. 'दबावाखाली' हा शब्द मी काढायला लावला. राडेकने विचारले व मी हो म्हणाले, एवढेच झाले होते. आता मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: बोगुमिवा झेप्का
वेळ: सकाळी ११.१५