मांजरीचे डोळे

नाही नाही, वहिनी, बसा की जरा — रंगांची पेटी काय, आहे तशीच आहे, त्यांच्या टेबलाखाली, कुणी हात लावलेला नाही. एकवीस वर्षं तुमचे यजमान त्या खिडकीपाशी बसले, आणि मी इथे, काचेच्या या बाजूला, संपादक झाल्यापासून. त्याआधी मीपण तिथेच चित्रं काढत बसायचो, त्यांच्या शेजारी — म्हणजे मला काही कळत नाही असं नाही. मुनी म्हणायचो आम्ही त्यांना. नाव मीच ठेवलेलं, राग मानू नका. कागदापुढे बसायचे तर बसायचेच, हात मांडीवर. मुलांच्या पुस्तकातलं चित्र ते, त्यात एवढं काय बघायचं? पण त्यांची रीतच तशी — डोळे शेवटी. सगळं रंगवून झालं की अख्खं पुस्तक भिंतीला लावायचं, आठवडाभर नुसतं बघायचं, आणि मग एका बैठकीत सगळ्यांचे डोळे. कोण कुणाकडे बघतंय ते आधी कळायला नको का, म्हणायचे. बरोबरच आहे. मी कधी नाही म्हटलं?

मी घाई केली म्हणत असतील. घाई कसली — मी जाता-येता विचारायचो, झालं का, इतकंच. सहज हो, जेवलात का विचारतो तसं. दिवसातून दोनदा. चारदा असेल. छापखान्याला तारीख मीच दिलेली, त्यांना न विचारता, तो भाग वेगळा — वरचे लोक माझ्या डोक्यावर बसलेले, मी कुणाच्या बसणार? तर ते मांजरीचं पुस्तक. चोवीस पानं. पिल्लू हरवतं, आई गावभर शोधते. भिंतीवर लागून चौथा दिवस, आणि हे दाताच्या डॉक्टरकडे — तुम्हीच नेलं होतं ना? नेमकी तेव्हा छापखान्याची गाडी आली. मग कुणीतरी पेन घेतलं आणि दोन ठिपके, दोन ठिपके, काय त्यात — पाऊण तासात चोवीस पानं. कुणीतरी म्हणजे — आता तुमच्यापासून काय लपवायचं. मीच. आणि खरं सांगू? मजा आली. किती वर्षांनी हातात पेन. ह्यांना आठवडा लागतो ते आपण पाऊण तासात केलं, असंही मनात आलं. आलं, नाही कशाला म्हणू.

पुस्तक छापून आलं. त्यांनी एकेक पान उलटलं आणि म्हणाले, ‘छान झालंय.’ एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत — मला वाटलं, दात. मग परवा माझ्या नातीने, साडेतीन वर्षांची आहे, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. पिल्लू सापडलंय, आईच्या कुशीत आहे, आणि ही विचारते, आजोबा, मांजर दाराकडे का बघते? बघतो तर खरंच. सापडलेल्या पिल्लाकडे तिचं लक्षच नाही. असणार कसं — काढणाऱ्याचंच लक्ष दाराकडे होतं, गाडीवाला उभा होता ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शरम वाटली, वहिनी. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

आता दुसरी आवृत्ती निघतेय, म्हणून म्हणतो — पेटी न्या, पण हे मूळ चित्रांचे कागदही न्या, सगळे चोवीस. माझे ठिपके हलक्या हाताने खरवडले तर निघतील. घरच्या भिंतीला लावा म्हणावं. माझ्याशी नाही बोलले तरी चालेल, पण त्या आईला पिल्लाकडे बघू द्या. वेळ? लागेल तेवढा. महिना घ्या, वर्ष घ्या, मी विचारायला येणार नाही, शब्द आहे माझा. घाई अजिबात नाही — फक्त साधारण कधीपर्यंत होतील तेवढं कळलं असतं, म्हणजे छापखान्याला मी पंधरा तारीख —

वहिनी. अहो, कागद राहिले.