साहेबाच्या औषधाची मटकी

बुलडाण्याच्या मोटारस्टँडवर खामगावच्या गाडीसाठी रांग होती. देऊळघाटच्या दोघीजणी माझ्यापुढे उभ्या होत्या.

"सुभद्राबाई, खामगावले काऊन चालल्या वं?"

"बियाण्याले लावाचं औषध आणाले. वच्छलाबाई, त्या औषध कंपनीच्या साहेबानं तुमच्याच वसरीत मटकी भिजवून दाखवली ना?"

"हाव. एक पुरचुंडी औषधाच्या पाण्यात, दुसरी साध्या. म्हणे, बीमध्ये एक रस झोपवते, दुसरा उठवते. उठवणारा आला का बीच्या पोटातली पोथी उघडते, अन् त्यात लिहेल असते तसा कोंब निघते."

"औषधाचे कोंब तं बोटभर निघाले म्हणे!"

"ते माह्या उसळीच्या मटकीचे. मी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती. सैपाकाच्या घाईत पुरचुंडी बदलली."

"अन् औषधाची मटकी?"

"तिची उसळ झाली. साहेबानंच दोनदा मागून खाल्ली."

"मंग त्याच्या पोटातली पोथी उघडली का नाही?"

"कायची उघडते! त्याच कोंबांचा फोटो दाखवत गावोगाव फिरून राह्यला."

"माय वं! तुम्ही सांगतलं नाही त्याले?"

"सांगाले गेली होती. तं म्हणे, 'बाई, बियाण्यातलं तुम्हाला काय कळतं?'"