पोळ्याआधीचा ट्रूस

(परतूर, १९५३. पोळा आठवड्यावर आला आहे.)

रमाबाई : रामरावांच्या पत्राला अजून उत्तर नाहीच ना दिलंत?

वामनराव : काय लिहू? कोरियातली लढाई ट्रूस करून थांबली, हे त्यांच्या कानावर गेलं. विचारतात, ट्रूस म्हणजे काय, आणि तो त्यांच्या गावाला, कुंभार पिंपळगावला, लागू पडेल का.

रमाबाई : मग सांगा की. डिक्शनरी उशाशी घेऊन झोपता.

वामनराव : अर्थ सांगेन. पण खाली लिहिलंय, 'मास्तर, तुम्ही सांगाल ते कबूल.' माझं चुकलं आणि पोळ्याला तोरणाखाली पुन्हा डोकी फुटली तर?

कडूबा : मास्तर हायेत का घरी?

रमाबाई : घ्या. रामरावांचं ज्यांच्याशी भांडण, तेच आले. या, कडूबा.

कडूबा : झुली घ्यायला बाजारात आल्तो. आमच्या चुलतभावानं मास्तरला पत्र टाकलं म्हनं. म्हनलं बघावं, काय शिजून राह्यलंय.

वामनराव : शिजत काही नाही. ट्रूसचा अर्थ विचारलाय.

कडूबा : मंग मला बी सांगा.

वामनराव : लढाई थांबवणं. पण मूळ वेगळं आहे. म्हणजे, मी वाचलं तसं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता विश्वास, दिलेलं वचन. खऱ्याला ते 'ट्रू' म्हणतात, तोही त्याच घरातला शब्द.

कडूबा : म्हंजी इमान. अहो, आमी दोघांनी कागदावर दोनदा अंगठे दिले. तोरनाखालून पहिला बैल कुनाचा म्हनलं, की काठ्या निघत्यात.

वामनराव : कागद नकोच. एक सुचतं, पण राहू द्या.

रमाबाई : राहू कशाला द्या? बोला.

वामनराव : तुमचा बैल रामरावांनी धरायचा, त्यांचा तुम्ही. पुढे कुठलाही निघो, एकाचा बैल, दुसऱ्याचा कासरा. मान दोघांचा.

कडूबा : माझा सर्जा? त्याच्या हातात? अन् त्यानं चाबूक वढला तर?

वामनराव : त्यांचा बैल हातात आला, तर तुम्ही ओढाल?

कडूबा : न्हाई. बैलाशी कसलं वैर?

वामनराव : तेही हेच म्हणतील.

कडूबा : मंग लिहा, मास्तर. कडूबा राजी हाय म्हनून लिहा.

रमाबाई : तुम्हीच जाऊन सांगा की.

कडूबा : बोलनं पोळ्याला चालू करू, बाई. आज पत्रच बरं. लिहून झालं की पोस्टापर्यंत संगं येतो, मास्तर.

*

रमाबाई : केवढा उशीर. टाकलं का?

वामनराव : टाकलं. मग कडूबाला हॉटेलात चहा पाजला.

रमाबाई : तुम्ही? हॉटेलात? कधी पायरी चढला नाहीत ते?

वामनराव : दोन दोन कप. पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे तो पेटीपासून हलला.