रिकाम्या खत्तीचा कंदील

...नाही साहेब, डोकं ठिकाणावर आहे माझं. रिकाम्या खत्तीची रोज नोंद कशाला, हेच ना विचारताय? सांगतो. तुम्ही इंदूरचे, तुमच्याकडे पेव म्हणत असतील — जमिनीतलं धान्याचं कोठार — आमच्या हजीरा भागात खत्ती. तर कोंडलेलं धान्य श्वास टाकतं. ती हवा जड, वास नाही, रंग नाही, तळाशी बसून राहते. मोजायची कशी? दोरीला हातहातभर अंतरावर गाठी, टोकाला कंदील, सोडायचा खाली. ज्या गाठीला विझला, तिथवर हवा चढली. काल नवव्या गाठीला विझला. आभाळ आलं की सहाव्यालाच विझतो — का, ते मला विचारू नका, नोंदवहीत आहे तेवढं खरं.

आता म्हणाल, धान्यच नाही तर हवा कुठली? मीही हेच म्हणालो होतो. शेजारची खत्ती भरलेली ना, मधली भिंत झिरपते. पाणी नव्हे, हवा. हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं — बरं, सूर्याजीला असेल.

सूर्याजी म्हणजे आमचा खत्तीत उतरणारा. फौजी घराण्यातला, बोलणं मोजकं. अठ्ठेचाळीस साली संस्थान संपून दरबारचं धान्यखातं नव्या मध्यभारत राज्यात गेलं, तेव्हाही आजच्यासारखीच फेहरिस्त, म्हणजे सामानाची यादी झाली — तराजू, मापं, कंदील, सगळं पेटीत, वर लाखेची मोहर. आणि नेमकी त्याच दिवशी नव्या साहेबांना रिकाम्या खत्तीची खोली मोजून हवी. सूर्याजी शिडीपाशी थांबला. "बळवंतराव, कंदील?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, रिकामी तर आहे, तेवढ्यासाठी मोहर तोडू काय? तो उतरला. माझ्या शब्दावर उतरला. अर्ध्या शिडीनंतर आवाजच नाही.

कागदावर नोंद झाली, हृदयक्रिया बंद. कुणी लिहिलं? मीच, अक्षर चांगलं म्हणून. त्याची बायको सुलोचनाबाई दौलतगंजातून चालत आली, एकच विचारलं — कंदील सोडला होता ना? मी हो म्हणालो. वाईट वाटतं, साहेब. रोज वाटतं. फेहरिस्त मात्र पूर्ण भरली, एक वस्तू कमी नाही, शाबासकीचं पत्र आलं — हे कशाला सांगत बसलो मी तुम्हाला? हां, नोंदीचं विचारलंत.

तर आता मध्यभारतही गेला, सगळं भोपाळला जायचं. पेटी आणलीत, लाख वितळवलीत, ठीक आहे. तराजू घ्या. मापं घ्या. ही नोंदवही पण घ्या, नवी शिवेन — बूट का काढताय? खोली पडताळायला? खाली?

घाला ते बूट. कंदील पेटीत जाणार नाही. यंदा तुमच्या यादीत एक वस्तू कमी भरेल, लिहा, बळवंतने दिला नाही. शिडीपासून बाजूला व्हा आता, मला दोरी सोडू द्या.