फाटकाबाहेरची माती

—नाही नाही मॅडम, तिथं नका खणू! तिथली माती म्हणजे गरीब गाय. लाल, टेकडीची — पाणी धरत नाही, मीठ धरत नाही, पोलादी पाइप पुरा आणि विसरून जा. चौतीस वर्षं हेच केलं की मी! पाइप पुरायच्या आधी चार सळया ठोकायच्या, वीज सोडायची, आकडा बघायचा. आकडा मोठा — पाइप सुखात. आकडा पडला — माती लोखंड खाणार. ओल, चिकण आणि मीठ, तिघं जमले की खेळ खल्लास.

गॅस फुटला तो इथं, माझ्या फाटकासमोर. समोरच्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात भाजले. तुमच्या लोकांनी निकाल दिला — आमच्या कामावरच्या लेपवाल्या गिलसूनं पाइपाला लेप लावला, त्यात ओरखडा राहिला. होता हो ओरखडा, खोटं कोण म्हणतंय? पण ओरखडा कुठल्या पाइपाला नसतो? लाल मातीत तोच पन्नास वर्षं निवांत पडला असता. इथं नऊ वर्षांत आरपार भोक! आता गिलसूनं अर्ज केला, म्हणून सोमवारी फेरचौकशी, म्हणून तुम्ही माती न्यायला — न्या की.

मीठ कुठलं? समुद्राचं, आणखी कुठलं! ...काय? समुद्र बारा किलोमीटरवर? भूगोल मला नका शिकवू. — कोबीचं. ऐकलंत? कोबीचं मीठ. थंडीच्या तोंडाशी अख्ख्या गावाच्या किमचीच्या लोणच्याचा कोबी याच अंगणात मिठात पडायचा, आठशे-आठशे गड्डे! आमची ही सगळ्यांची पुढारीण. ‘सूजिनची आई, मीठ पुरे का बघा’ — तिनं चाखल्याशिवाय एक गड्डा हलायचा नाही. आणि ते खारं पाणी — ओत फाटकाबाहेरच्या चरात. वीस वर्षं! मी स्वतः बादल्या उचलल्यात.

मग ही गॅसची लाइन आली. मोजणीला मीच. सळया ठोकल्या तर आकडा असा कोसळला — मला वाटलं यंत्रच गेलं. लिहायला हवं होतं: माती बदला, वाळू भरा, दुहेरी लेप द्या. एवढंच. पण वरून विचारणार, मीठ कुणाचं? उद्यापासून अंगणात कोबी बंद! तिला काय राहिलं असतं हो मग? मुलगी सूजिन तिकडे सोल शहरात, नवरा सदा गावोगाव सळया ठोकत... उपटल्या सळया. दहा पावलं वर, लाल मातीत ठोकल्या. झकास आकडा आला, तोच लिहिला.

चौकशीत गिलसू माझ्याकडे बघत होता, मी माझ्या बुटांकडे. परवाना गेला त्याचा, आता बंदरावर मासळीच्या पेट्या उचलतो. त्या वयात.

सही? कसली सही? मी काय म्हणालो? काही म्हणालो नाही मी! ती जाऊन तीन वर्षं झाली, आता तिचं नाव तुमच्या कागदावर घालू? जमायचं नाही. ठेवा ते पेन.

...डब्याकडे काय बघताय? किमची आहे. गिलसूची बायको धाडते दर थंडीला — ‘एकटे आहात, करून कोण घालणार.’ खातो मी. सगळी खातो.

जा तुम्ही. फाटक ओढून घ्या.