सातव्या पाल्याचं नाव

मंडळी, आज अभंग नंतर. टाळकरी रागावतील, रागावू द्या! आज आधी एक प्रश्न घेतो.

एका माणसाने दुसऱ्याला विष दिलं. पापी ना? व्हय म्हणा की! ठीक. आता दुसरा माणूस. त्याच्या हातात औषध आहे, शेजारी कुणी तळमळतंय, आणि हा मूठ झाकून बसलाय. हा कोण? आता का गप्प झालात? तो मागे खांबाजवळ कोण खोकतोय, तो तरी बोलतोय! खोका बाबा, खोका. आजचं आख्यानच सर्दी-पडशाचं आहे. हसू नका. थोड्या वेळानं हसू यायचं नाही.

घाटाच्या पायथ्याला आंबेदरा नावाचं गाव. तीनशे उंबरा. पौषात तिथं अशी थंडी, की घागरीतलं पाणी दातांना चावतं. प्रत्येक घरात नाक गळतंय, छाती घरघरतेय, म्हाताऱ्याला रात्रभर ढास. आणि प्रत्येक घराचा पाय एकाच अंगणाकडे वळतोय. हौसाक्काच्या!

हौसाक्का साठीची बाई. कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. तिचा काढा म्हणजे काढा! दोन वेळा घेतला की कफ सुटतो, तिसऱ्या वेळेला माणूस भाकरी मागतो. त्यात सात वस्तू. सहा सगळ्या गावाला पाठ — तुळस, अडुळसा, गवती चहा, सुंठ, मिरी, लेंडीपिंपळी. तुमच्या घरात पण असतील. पण सातवा पाला? तो हौसाक्काला ठाऊक आणि वरच्याला ठाऊक.

त्या पाल्याची रीत होती. सासूकडून आलेली, तिच्या सासूकडून तिला आलेली. रविवारी उन्हं पडायच्या आत तोडायचा. जाता-येता कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. मागे वळून बघायचं नाही. आणि सगळ्यात मोठी अट — नाव उच्चारायचं नाही! नाव तोंडातून गेलं, की पाल्याचा गुण गेला. सासूनं मरताना कानात सांगायचं, सुनेनं पदरात झेलायचं.

हौसाक्का काढ्याचा पैसा घेत नव्हती बरं का! मोठं पुण्य! माना डोलल्या बघा तुमच्या. थांबा! पैसा घेत नव्हती, मान घेत होती. विधवा असूनही लग्नात पहिली हळद तिच्या हातची. ती चावडीवरून गेली की पाटील उठून उभा. कोण म्हणणार, "आक्का, तुमच्या पाया पडतो," कोण म्हणणार, "आक्का, तुम्ही हाय म्हणून गाव हाय." अहो, ही नशा दारूपेक्षा वाईट! दारू सकाळी उतरते तरी.

तिची एक लेक घाटापलीकडं दिलेली, आणि एकुलता मुलगा लिंबाजी. त्याची बायको सुगंधा, देशावरच्या काळ्या रानातली. तिला घाटातलं झाडझुडूप ओळखीचं नाही, पण पोर गुणाची. आणि त्यांची सहा वर्षांची लेक शेवंती, आजीच्या जिवाचा तुकडा. आजी पाटा घेऊन बसली की ही समोर हजर. "आजी, मी वाटू?" "वाट माझे बाई, पण डोळ्याला हात लावू नको, मिरी हाय!" आणि लावायचीच! मग रडणं, मग गुळाचा खडा.

सुगंधा पाणी उकळायची, सहा वस्तू कुटायची. सातव्याच्या वेळेला सासू पाठ करून बसायची. एक दिवस सुगंधा म्हणाली,

"आत्याबाई, मला दावा की तो पाला."

"दावीन. माझ्या अंतकाळी."

"आणि तुम्ही घरात नसताना पोरीला काय झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"मी कुठं चाललेय गं? हितंच तर हाय!"

"तसं न्हवं, पण—"

"सुगंधे, मला घालवायची घाई झालीया काय तुला?"

संपलं! सून भांडी घासायला उठली.

मंडळी, आता नीट ऐका. इथं गाठ आहे. गावातल्या बायका काय कमी? रविवारी हौसाक्का डोंगराकडून यायची, तेव्हा कुणी जोत्यावरून मान काढायची, कुणी मुद्दाम घागर घेऊन आडवी जायची. पाटीत काय आहे बघायला! हौसाक्का वस्ताद. खरा पाला ती ओच्यात बांधायची, लुगड्याच्या आत. आणि पाटीत वरती, सगळ्यांना दिसेल असा, दुसराच पाला पसरून आणायची. कुठला? रानतंबाखू! घाटात उंच वाढते, लांब पान, थंडीत पांढरा तुरा. शेळी तोंड लावत नाही तिला. विष!

तिचा हिशोब सरळ. जो ओळखेल तो घाबरेल आणि नाद सोडेल. जो ओळखणार नाही तो चुकेल.

चुकेल! ऐकलंत? चुकेल! अहो, चुकणारा माणूस असतो ना? त्याला पोट असतं ना? त्याच्या घरात लेकरू असतं ना? पण हौसाक्कानं एवढा विचार केला नाही. वीस वर्षं ती पाटीत विष पसरून गावातून मिरवली, आणि गाव तिच्या पाया पडलं. घरी आली की तो पाला ती परसात नेऊन चुलीच्या राखेत पुरायची. सुनेला एवढंच दिसायचं — सासूबाई पाटी घेऊन परसात गेल्या. मग काढा तयार.

त्या वर्षी पौषात हौसाक्काच्या लेकीचे दिवस भरत आले, प्रवास झेपेना. पहिलटकरीण, घाटाच्या पलीकडच्या गावात. निरोप आला, आक्का निघाली. एसटीच्या पायरीवर पाय ठेवला, आणि सुगंधानं शेवंतीला कडेवर घेऊन पुन्हा विचारलं.

"आत्याबाई, महिनाभर तुम्ही न्हाई. थंडीचे दिवस. निदान कानात तरी..."

हौसाक्का थांबली. खरंच थांबली! नातीचं नाक गळत होतं, ते तिनं पदरानं पुसलं. ओठ हलले. पण मागे चार बायका उभ्या होत्या, कान टवकारून. आक्कानं बघितलं त्यांच्याकडे. आणि म्हणाली, "आलेच मी पंधरा दिवसांत."

गेली गाडी!

आठ दिवसांनी शेवंतीची छाती भरली. मोठं काही नव्हतं हो! साधं पडसं. नाक चोंदलंय, खोकताना पोर लाल होतेय. लिंबाजी म्हणाला, "आईचा काढा दे की. सहा वस्तू हायेत, सातवा तुला एवढ्या वर्षांत ठाऊक झाला नसंल?" सुगंधा विचारात पडली. ठाऊक होताच की! दर रविवारी पाटीत बघितला होता. लांब पान, मधली शीर फिकट. तिला वाटलं, सासूनं सांगितला नाही, पण देवानं दाखवला.

रविवारी ती उठली. अंघोळ केली. रीत सगळी पाळली. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. डोंगराच्या कडेला पाला सापडला. मूठभर तोडला, पदराखाली धरला. येताना ओढ्यापाशी शेजारची कोंडाबाई भेटली. गुरं राखून म्हातारी झालेली, घाटातला पाला न् पाला ओळखणारी.

"सुगंधा, कुठं गं सकाळी सकाळी?"

गप्प.

"अगं, पदरात काय हाय? दाव तरी!"

मंडळी, एक शब्द! एक शब्द बोलली असती, पदर दोन बोटं बाजूला केला असता, तर कोंडाबाईनं तो पाला हातातून हिसकून ओढ्यात फेकला असता. पण रीत! बोललं तर गुण जाईल, आणि पोर बरी होणार नाही. सुगंधानं पोरीसाठीच ओठ घट्ट मिटले. मान खाली घालून घरी गेली.

दुपारी काढा दिला. गूळ जास्त घातला, कडू लागतो म्हणून. शेवंती म्हणाली, "आजीसारखा न्हाई लागत." आई म्हणाली, "पी माझे बाय, आजीचाच हाय."

घटकाभरात ओकारी. मग अंगाला गार घाम. मग हातपाय वाकडे व्हायला लागले. लिंबाजी ओरडत रस्त्यावर धावला, जीप मिळाली, दवाखाना दोन तासांवर. पोरीनं एक तास काढला.

अंतकाळी दावीन म्हणाली होती हौसाक्का. आला अंतकाळ. नातीचा!

काय बोलू? बुक्का लावून इथं उभा राहिलोय, म्हणून मला गोड बोलता येईल असं समजू नका.

हौसाक्का दुसऱ्या दिवशी आली. अंगणात माणसं. ती आत गेली, चुलीजवळ गेली. पातेलं तसंच पडलेलं, तळाला गाळ. तिनं बोटानं उचलला, नाकाशी नेला. आणि वासावरून रानतंबाखू ओळखली. सुगंधा कोपऱ्यातून म्हणाली,

"सातवा घातला होता, आत्याबाई. तुमच्या पाटीतलाच. काय चुकलं माझं?"

सासू बोलली नाही! दहा दिवस बोलली नाही! गाव मात्र बोलत होतं. दुखवट्याला आलेल्या बायका सुगंधाकडे बघून कुजबुजायच्या — अधिकार नसताना हात घातला, कानात घेतल्याशिवाय पाला तोडला, देवाला ते कसं चालेल? एकीनं तर तोंडावर सांगितलं, "आक्काच्या हाताचा गुण तुला कुठनं येणार गं? पोर खाल्लीस!" लिंबाजीनं बायकोशी बोलणं टाकलं. आणि हौसाक्काला कळत होतं, अजून थोडं गप्प बसलं की सगळं सुनेच्या माथी जाईल. मान शाबूत. पाटील पुन्हा उठून उभा राहील.

दहाव्या दिवशी सुगंधा ताटावरून उठली आणि विहिरीच्या वाटेला लागली. घागर न घेता! हौसाक्कानं ते बघितलं, आणि धावली. अडखळली, पुन्हा धावली. विहिरीच्या काठावर सुनेचा दंड धरला आणि भर गावात ओरडली,

"रिंगणी! सातवा पाला रिंगणीचा! उकिरड्यावर उगवते ती काटेरी रिंगणी! पाटीतला पाला खोटा होता. तुम्हाला फसवायला मी ठेवत होते. माझी नात मी मारली! हिनं न्हाई, मी!"

सुगंधानं सासूकडे बघितलं. हात सोडवून घेतला.

"आता कशाला सांगता, आत्याबाई?"

एवढंच. उडी मारली नाही. माहेरी गेली, ती परत आली नाही.

वर्ष गेलं. पौष आला. हौसाक्काच्या अंगणात कुणी येईना, आणि तीही काढा करेना. एका सकाळी कोंडाबाई आली. म्हणाली, "आक्का, माझ्या नातवाची छाती भरली होती. मी रिंगणी आणली. रविवार न्हवता. वाटेत सगळ्यांशी बोलत आणली, नाव घेत आणली. सहा वस्तूंत घातली, काढा दिला."

हौसाक्का पुढं सरकली. "मग?"

"उतार पडला की! भाकरी मागतोय."

कोंडाबाईला वाटलं, आक्काला बरं वाटेल. पण हौसाक्कानं जे रडणं काढलं, तसं ती नातीसाठीही रडली नव्हती. का रडली? सांगा! अहो, नाव घेऊन गुण गेला असता, तर तिच्या गप्प बसण्याला काहीतरी कारण होतं. रीत खरी होती, म्हणता आलं असतं. गुण गेला नाही! तसूभर गेला नाही! झाकलं होतं ते फुकट झाकलं होतं.

आणि तुम्ही माना का डोलवताय? हौसाक्का आंबेदऱ्यातच होती काय? तो पुढचा मिस्त्री बसलाय, हाताखालच्या माणसाला अर्धंच काम दाखवतो. ती सुईण बसलीय, सुनेला बाहेर काढून दार लावते. आम्ही बुवा लोक — आम्ही तर चाल शिकवतानाही एक सूर मागे ठेवतो, शिष्य वरचढ होईल म्हणून! आणि याला नाव काय देतो? परंपरा! घराणं! मर्यादा!

देव किती माळा ओढल्या ते विचारणार नाही. देव विचारील, "तुला ठाऊक होतं. मग तू गप्प का बसलास?"

मला याचं उत्तर सुचत नाही. कुणाला सुचलं असेल, तर उठून उभं राहा — आणि मोठ्यानं सांगा!